दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवून खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, पुण्यात भाड्याने राहता आणि पंचवीस तारखेलाच खात्यात खडखडाट असतो. वर आई फोनवर सांगते, दुधाच्या पिशव्या जमव, जुने कपडे टाकू नको, बरण्या धुऊन ठेव. याने खरंच फरक पडतो का, की नुसता पसारा वाढतो, असा तुमचा प्रश्न.

पिशव्यांचं शेवटी सांगते. आधी मिक्सरचं.

लग्न झाल्यापासून मी खर्चाची वही लिहिते. त्यात 2011 च्या ऑक्टोबरात एक नोंद आहे: मिक्सर, 2,850. ते पान समोर आलं की माझं डोकं आजही तापतं. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. अनारशांचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले, पंचावर पसरून निथळलेले. ज्यांनी अनारसे केलेत त्यांना माहीत आहे, ते तांदूळ दमट असतानाच दळावे लागतात, उद्यावर ढकलता येत नाहीत. अर्धे दळून झाले आणि मिक्सरचा आवाज बदलला. मोटर घरघरतेय, पण भांड्यातलं पातं जागचं हलत नाही. भांडं उचललं तर खाली काळा चुरा.

ह्यांनी एकदा बटण फिरवून बघितलं आणि निकाल दिला, "मोटर गेली. पंधरा वर्षं झाली, अजून किती चालायचा?" संध्याकाळी नवा मिक्सर घरात. 750 वॉटचा, तीन भांडी, वर एक ज्यूसरचं, जे आजतागायत खोक्यात आहे. जुना भंगारवाल्याने 90 रुपयांना नेला. माहेरहून आलेला मिक्सर, 90 रुपये.

बरं, तेही सोसलं असतं. पण भाऊबीजेला नणंदा आल्या, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत होत्या. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा चेंगटपणा बघा, आता पिशव्यांचंही वाळवण घालते." सगळे हसले. मीही हसले. पाहुणे घरात असताना काय करणार.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा मिक्सर अगदी तसाच अडला. तशीच घरघर, तसाच काळा चुरा. आमच्याकडे चिंचवडला तेव्हा "कुकर, मिक्सर, गॅस शेगडी रिपेऽर" असं ओरडत एक सायकलवाला यायचा. तो जिन्यातच बसला, दहा मिनिटांत मिक्सर चालू करून दिला. 25 रुपये सामानाचे, 30 मजुरी. मी दारात उभी राहून बघत होते. भांड्याच्या बुडाला एक चक्री असते आणि खाली मोटरच्या दांड्यावर दुसरी. दोन्ही एकमेकींत अडकतात तेव्हा पातं फिरतं. त्याला कपलर म्हणतात. खालचं कपलर मुद्दामच रबराचं किंवा नायलॉनचं, मऊ ठेवलेलं असतं. भांड्यात काही अडकलं तर मोटर जळण्याआधी ते झिजावं, तुटावं, एवढ्यासाठी. म्हणजे काळा चुरा पडणं ही मिक्सर शाबूत असल्याची खूण होती.

आमचा मिक्सर मेलाच नव्हता. जिवंतपणी भंगारात गेला. 55 रुपयांचं काम आणि 2,850 चा खर्च. पण चेंगट कोण, तर पिशव्या वाळवणारी.

हिशेब 2017 मध्ये फिटला. नव्या मिक्सरचं कपलर गेलं. मी आधीच दोन आणून ठेवली होती. हे म्हणाले, बाजूला सर, मी करतो, तुला जमायचं नाही. प्लग काढला, मिक्सर उपडा केला, खालून दांडा स्क्रू ड्रायव्हरने धरला आणि पकडीने कपलर डावीकडे फिरवायला लागले. हलेना. आणखी जोर लावला, हलेना. कपाळावर घाम. मी म्हटलं, अहो, उजवीकडे फिरवा. "सगळ्या जगात नट डावीकडे फिरवून सुटतो." म्हटलं, सुटत असेल, पण याचे आटे उलटे असतात. मोटर फिरते तसं कपलर आपोआप घट्ट होत राहावं म्हणून उलटे ठेवतात. सायकलवाल्याने काकूंकडे ते सांगितलं तेव्हा मी उभी होते, हे ऑफिसात होते. शेवटी पकड माझ्या हातात आली. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक झटका, सुटलं. नवं लावलं, चटणी वाटली. हे बाहेर पेपर वाचत बसले.

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे: घरातला पैसा पिशव्यांतून गळत नाही, "गेलं वाटतं, नवीन घेऊ" या वाक्यातून गळतो. पंखा हळू फिरायला लागला की लोक नवा पंखा बघायला जातात. दहातल्या आठ वेळा आतला कपॅसिटर उतरलेला असतो. त्याच्यावर बहुधा 2.5 मायक्रोफॅरड असं लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच दुसरा आणायचा, शंभर रुपयांच्या आत मिळतो. लावायला वायरमन बोलवा. स्वतः करणार असाल तर भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, मेन एमसीबी पाडायचा. कुकर वाफ धरत नसेल तर कुकर बदलायचा नसतो, रिंग बदलायची असते. बॅगेची चेन खराब झाली तर बऱ्याचदा नुसता रनर बदलून काम होतं. ही सगळी मिळून वर्षाकाठी किती होतात ते वहीत लिहून बघा. तुमच्या आईला पिशव्यांचं बोलू नका, तिला हे विचारा. तिला नक्की येत असेल.

दुसरं विजेचं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांत चालतो. पहिल्या शंभर युनिटांचा एक, 101 ते 300 चा जवळजवळ दुप्पट. म्हणजे तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरचं, महागाचं युनिट असतं. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिटं वाचतात एका पंख्यामागे. नवा पंखा घ्यायचीच वेळ आली तर हाच घ्या, दीड-दोन वर्षांत पैसे वसूल. चालू पंखा काढून मात्र घेऊ नका. हे म्हणतात घ्या, मी म्हणते नको, आमच्याकडे हा वाद चालू आहे. घर भाड्याचं असेल तर पंखा मालकाचा आहे, हेही बघा.

आता जुन्या कपड्यांचं. माझं माहेर इचलकरंजीचं, वडील यंत्रमागावर. आमच्या घरात साडीला मरण नव्हतं. नेसून विटली की तिची वाकळ, वाकळ फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसणं विरलं की शेगडीखालचं फडकं. आई उन्हाळ्यात दुपारी अंगणात साड्या अंथरायची, कोपऱ्यांवर विटा ठेवायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत यायची. एका वाकळेला पुरा वैशाख जायचा. माझ्याकडची अजून ऊबदार आहे, हे खरं. पण तुम्हाला "वाकळ शिवा" असं मी सांगणार नाही. आईचा तो महिना कुणी कधी मोजला नाही. बाजारात रग इतक्याला मिळतो, घरी फुकट झाला, असं सगळे म्हणायचे. फुकट कसला? मी घरी ब्लाऊज शिवते. ज्या दुपारी मी जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवत बसते, त्या दुपारी एक ब्लाऊज होतो आणि त्याचे पैसे मिळतात. दोघं नोकरी करताय ना? मग रविवार चिंध्या शिवण्यात घालवू नका. सुती कपडा फरशी पुसायला कापा, बाकीचं बोहारणीला देऊन भांडी घ्या. बोहारीण आता सोसायट्यांत येत नाही म्हणा. वॉचमन आत सोडत नाही. आली तर जरीची जुनी साडी तिला पहिल्या झटक्यात दाखवू नका. आधी शर्ट-पँटी काढा, ती पातेल्यावरून डब्यावर आली की मग जरीची साडी बाहेर.

आणि एक, या कामांची वाटणी. काटकसर घराची असते, पण पिशव्या धुते एकच जण, साय काढते एकच जण, फ्रीजमध्ये मागे सरकलेली अर्धी वाटी आमटी आठवते एकीलाच. मग तिलाच चेंगट म्हणायचं. तुम्ही नवरा आहात की बायको ते प्रश्नात लिहिलं नाहीये. नवरा असाल तर साय तुम्ही काढा. रोज एक लिटर म्हशीचं दूध घेत असाल तर विरजण लावलेली साय फ्रीजमध्ये साठवून तीन आठवड्यांत साधारण अर्धा किलो तूप निघतं. घुसळायला अर्धा तास, कढवायला अर्धा तास, ताकाची कढी वेगळी आणि बेरीत साखर घालून खायची ती वेगळी. एवढ्या वेळात एवढा पैसा देणारं दुसरं काम स्वयंपाकघरात मला माहीत नाही. त्याला भांडी घासायची जास्त लागतात, तीही तुम्हीच घासा.

इथपर्यंत वाचून कुणी सगळंच दुरुस्त करत सुटेल म्हणून सांगते. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा नवाच बसवायचा, तिथे जुगाड नाही. गॅसची नारिंगी नळी वरून चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच असते. मायक्रोवेव्ह घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज राहते. तळणीचं तेल गाळून एकदा फोडणीला वापरा, पुन्हा पुन्हा तापवू नका. आणि माझीही एक चूक कबूल करते. बावीस वर्षांचा फ्रीज "चालतोय की" म्हणून मीच काढू दिला नव्हता. दार नीट बसत नव्हतं, कॉम्प्रेसर रात्रभर थांबायचा नाही. नवा आल्यावर पहिलं बिल बघून मी दोन दिवस गप्प होते. ह्यांनी ते बिल फ्रीजच्याच दारावर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं. बिल तिथून काढलं, पण नोंद वहीत आहे.

तुमचं भाडं, हप्ते, बाहेरून मागवलेलं जेवण यांचे आकडे तुम्ही दिले नाहीत, त्यामुळे पंचविसाव्या तारखेचं मी काही सांगू शकत नाही. तीन महिने वही लिहा, मग पुन्हा विचारा.

राहिल्या पिशव्या. एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी अर्ध्या लिटरच्या शंभर कोरड्या पिशव्या ताटात घेऊन वजनकाट्यावर ठेवल्या. भरल्या पाव किलो. आमच्याकडे दिवसाला दोन, म्हणजे वर्षाच्या 730, म्हणजे पावणेदोन किलोच्या जरा वर. भंगारवाला तेव्हा किलोला सोळा रुपये देत होता. धुवायला पाणी किती आणि दोरीवर घालायला किती वेळ, ते यात धरलेलं नाही. मी तरीही धुते. खरकट्यात गेली की ती पिशवी गाईच्या पोटात जाते, आणि आता इतक्या वर्षांची सवय. पण पैशाचं विचारताय तर वर्षाचे तीस रुपयेही होत नाहीत. ह्यांना हे अजून सांगितलेलं नाही.