वाचकांचे प्रश्न : मोठं नाव की मोकळा वेळ?

प्रश्न : इतिहासात एम. ए. झाल्यावर मला पर्यावरणाच्या इतिहासात पीएच.डी. करायची आहे. एका मार्गदर्शकांचं नाव मोठं आहे, पण माझ्या पत्राला उत्तर यायला दोन महिने लागले. दुसऱ्या बाई फारशा नावाजलेल्या नाहीत, पण पहिल्याच भेटीत दीड तास बोलल्या. शिवाय मला विज्ञान येत नाही. हा विषय मला झेपेल का?

उत्तर : विज्ञानाची धास्ती आधी मनातून काढा. मीही निव्वळ इतिहासाची. पहिल्या वर्षी मी द्राक्षतोडणीच्या तारखांवर बारा पानं लिहिली होती. फ्रान्समधल्या बोन गावची अशी मालिका १३५४ पासूनची आहे. उन्हाळा कडक असला की द्राक्षं लवकर पिकतात, त्यामुळे तारखांवरून जुन्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. मी मोठ्या हौसेनं एकेक उन्हाळा मांडत गेले. सरांनी पानं परत केली तेव्हा समासात पेन्सिलीनं तीनच शब्द होते : ‘तारीख कुणी ठरवली?’

तोडणीचा दिवस गावात जाहीर व्हायचा, ज्याचा त्यानं ठरवायचा नसे. लढाई, रोगाची साथ, मजुरांची टंचाई, वाइन किती गोड हवी याची आवड, या सगळ्यांनी तो मागेपुढे व्हायचा. म्हणजे एकाच तारखेत हवामानही होतं आणि माणसंही. ती दोन्ही सोडवून बघण्यात माझे आठ महिने गेले, पण प्रबंध खरा तिथून सुरू झाला.

मार्गदर्शक हवा तो असा, तुमचं पान खरोखर वाचणारा. दीड तासाच्या गप्पांवरून ते कळत नाही. पहिल्या भेटीत सगळेच गोड बोलतात. दोघांनाही तुमच्या लेखनाची तीच दोन पानं द्या आणि परत काय येतं ते बघा. त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना विचारा : प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतं? अर्धवट सोडून गेलेलं कुणी भेटलं तर त्यांना आवर्जून भेटा, मला सर्वांत जास्त त्यांच्याकडून कळलं. मोठ्या नावाच्या शिफारसपत्राला वजन असतं, ते मी नाकारणार नाही. पण ते कामी येतं शेवटी, आणि मधली चार-पाच वर्षं तुम्हाला लिहायचं असतं. बाई नीट वाचत असतील तर त्यांच्याकडे जा, आणि मोठ्या नावाच्या सरांना सल्लागार समितीवर येण्याची विनंती करा.

विज्ञानासाठी सहमार्गदर्शक घ्या. जुनं हवामान झाडाच्या खोडातल्या वर्षागणिक वाढणाऱ्या वलयांवरूनही वाचतात, पण अरुंद वलय दुष्काळामुळे असेल, थंडीमुळे किंवा किडीमुळेही. ते ओळखणं त्यांचं काम. त्यांना काय विचारायचं हे समजणं तुमचं. एक सत्र त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन नुसतं बसा.

आणि एकाच माणसावर सगळा भार टाकू नका. या विषयाची अमेरिकेतली संस्था १९७७ची, युरोपातली १९९९ची. त्यांच्या परिषदांत विद्यार्थीही निबंध वाचतात. माझ्या दुसऱ्या प्रकरणातली चूक अशाच एका परिषदेत, चहाच्या वेळी, एका अनोळखी बाईंनी दाखवली होती.

मार्गदर्शकांना पुढचं पत्र एका पानाचं लिहा. कोणती नोंद हाती आहे, ती कुठे ठेवलेली आहे, तिची लिपी तुम्हाला वाचता येते का, एवढं लिहा. ‘मला निसर्गाची आवड आहे’ हे वाक्य त्यात नको.