सीबी रेडिओवरून हॅम रेडिओकडे येतोयस ना, मग हे वाच

सीबीला, म्हणजे 27 मेगाहर्ट्झच्या सिटिझन्स बँडला, लायसन्स नाही म्हणून भारी वाटतं, पण हॅमला, म्हणजे हौशी रेडिओला, परीक्षा द्यावीच लागते भाऊ, त्याआधी महागडा सेट घेऊ नकोस. पहिल्यांदा रिस्ट्रिक्टेड ग्रेडच दे, त्यात मोर्स नाही, व्हीयू3 ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं तुझं नाव, मिळतो. तोवर नुसतं ऐक, स्पेस स्टेशन नाशिकवरून जातं तेव्हा रिसीव्हरवर 145.800 मेगाहर्ट्झ लाव, कधीकधी आवाज येतो, अंगावर काटा येतो खरंच!

आणि सीबीचा अँटेना विकू नकोस हां, पाव वेव्हलेंथचा उभा रॉड असेल तर लायसन्सनंतर 10-12 सेंटीमीटर कमी केला की 27 वरून 28 मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर येतो, पण एकदम कापायचं नाही, थोडं कापून एसडब्ल्यूआर (अँटेना त्या फ्रिक्वेन्सीला किती जुळला ते दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) बघायचा, परत थोडं. हातात धरायचा व्हीएचएफ (145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा) हॅम सेट घेतलास तर पांडवलेणीच्या डोंगरावर चढ, गल्लीतल्या बिल्डिंगांमध्ये व्हीएचएफ अडकतंच.