मायक्रोबिट या छोट्या संगणक-बोर्डावर दर १० सेकंदांनी तापमान नोंदवताना बटणाकडे दुर्लक्ष का होते?

नाशिकच्या द्राक्षबागेतील थंडी मोजण्यासाठी आपण लिहिलेल्या पायथन प्रोग्राममध्ये ‘स्लीप(१००००)’, म्हणजे १०,००० मिलिसेकंद थांबण्याची सूचना आहे, आणि त्या १० सेकंदांत आपला लूप थांबून राहत असल्यामुळे ‘इज_प्रेस्ड’ने बटण तपासण्याची संधीच मिळत नाही. त्याऐवजी शेवटच्या नोंदीची वेळ ‘रनिंग_टाइम()’ने एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवावी, हे फंक्शन यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देते. लूपच्या प्रत्येक फेरीत आताच्या वेळेतून ती वेळ वजा करावी आणि फरक १०,००० किंवा अधिक झाला की नोंद घेऊन चल अद्ययावत करावा. लूपमध्ये ‘स्लीप(२०)’ एवढी छोटी विश्रांती पुरेशी आहे. बटणासाठी ‘वॉज_प्रेस्ड()’ वापरावे, कारण मधल्या काळात दाबलेले बटणही ते लक्षात ठेवते.

‘टाइम’ मॉड्यूलमधील ‘स्लीप’ला मात्र सेकंद द्यावे लागतात, हा फरक फार जपावा. तेथील मिलिसेकंद मोजणारे ‘टिक्स_एमएस()’ ठरावीक मर्यादेनंतर पुन्हा शून्यापासून मोजते, म्हणून दोन वेळांतील फरक काढण्यासाठी साध्या वजाबाकीऐवजी ‘टिक्स_डिफ()’च योग्य.

रात्रीचे किमान तापमान काढण्यासाठी वेगळा लूप नको. नोंदींच्या यादीवर ‘मिन()’ चालवावे, मात्र मेमरी तोकडी असल्याने यादी वाढू देऊ नये. शिवाय ‘टेंपरेचर()’ हवेचे नव्हे, तर चिपचे तापमान सांगते; त्यामुळे बागेतील निर्णयासाठी बाहेरचा सेन्सर जोडणे मला आवश्यक वाटते.