व्हिलावाल्याने पैसे दाबलेत आणि मित्र माझ्याच मागे लागलेत, काय करू?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. प्रकार असा की ठाण्याहून आठ जणांनी नाशिकला जायचं ठरवलं, गंगापूर धरणाजवळ व्हिला, दोन रात्री, एक दिवस वायनरीत टेस्टिंग. ४८ हजार तुम्ही स्वतःच्या यूपीआयवरून भरले, पाच जणांनी सहा-सहा हजार काँट्री दिली, दोघं "देतो गं" म्हणतच राहिले, आणि बारा दिवस आधी पैसे दिलेल्यांपैकीच तिघांनी टांग दिली म्हणून तुम्ही सगळंच कॅन्सल केलं. आता मालक म्हणतो नो रिफंड आणि तेच तिघं तुमच्याकडे पैसे मागतायत. धन्य ती मैत्री.

आधी मालकाचं बघू. तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये पैसे जाईपर्यंत रिफंडबद्दल अवाक्षर नाही, "नॉन रिफंडेबल" हे नंतर आलेल्या कन्फर्मेशनमध्ये अगदी तळाला लिहिलंय. अट पैसे घेण्याआधी सांगायची असते. पण समजा आधी सांगितली असती, तरी करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, लिहिलेली सगळी रक्कम आपोआप नाही. २०१५ च्या कैलाश नाथ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर या कलमाखाली अॅडव्हान्स जप्त करता येत नाही. आणि तुमच्याकडे तर हुकमी पत्ता आहे, त्याच शनिवारचं मालकाचं व्हॉट्सअॅप स्टेटस, दुसराच ग्रुप शेकोटीभोवती बसलाय आणि मागे तोच व्हिला! जागा रिकामी राहिलीच नाही तर नुकसान कसलं? हां, नवीन ग्रुपला स्वस्तात दिली असेल तर तेवढा फरक तो मागू शकतो, त्यामुळे पूर्ण ४८ हजारांवर अडून बसू नका.

आता स्पीड पोस्टाने साधी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, वकील लागत नाही. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आणि त्यासाठी नाशिकला खेपा घालायची गरज नाही, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे म्हणजे ठाण्यातच केस टाकता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंत फी शून्य. तोवर चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, म्हणजे हा डिजिटल पुरावा खरा आहे असं लिहून दिलेलं, स्क्रीनशॉटसोबत लागेल, आणि ओरिजिनल फोन हाताशी असला की पुढची कटकट वाचते.

मित्रांचं. ग्रुपवर सगळ्यांनी "हो, बुक कर" लिहिलंय ना? मग तुम्ही त्यांच्या वतीने बुकिंग केलंत, आणि करार कायद्याच्याच कलम २२२ नुसार सांगितलेलं काम करताना झालेला खर्च ज्यांच्यासाठी केला त्यांच्यावर येतो. म्हणजे तुमच्या खिशातून त्या तिघांना काही द्यायचं नाही, मालकाकडून जे सुटेल त्यातला वाटा मिळेल, आणि न दिलेले दोघं उलट तुमचं देणं लागतात. पण बारा हजारांसाठी मित्रांवर केस टाकू नका, मित्रांमधल्या ठरवाठरवीला कोर्ट करार मानेल याची खात्री नसते. एकदा ग्रुपवर आकडे टाका, बस्स, भांडायचं नाही.

आणि फेब्रुवारीत द्राक्षांच्या हार्वेस्टला चौघंच जाताय, गाडी तुमचा भाऊ चालवणार, तो "फक्त टेस्टिंग" करणार म्हणताय. टेस्टिंगमध्ये पाच-सहा प्रकार येतात हो! रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर दारू गेली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घोट तोंडात घोळवून थुंकायला टेबलावर भांडं असतं, लाजू नका म्हणावं, नाहीतर सरळ दिवसभराचा ड्रायव्हर करा. आणि यावेळी बुकिंगआधी "कॅन्सल केलं तर किती परत?" हे मालकाकडून चॅटवर लिहून घ्या, मगच पैसे सोडा.