आयुर्मानाचा प्रयोग लावण्याआधी

पॅराक्वाट या तणनाशकाचं नंतर बघू गं, आधी मेलेला कृमी ओळखायला शीक. म्हातारा सी. एलेगन्स, म्हणजे आपला प्रयोगातला सूक्ष्म कृमी, निपचित पडून असतो, पण प्लॅटिनमच्या तारेने डोक्यापाशी हलकेच डिवचलंस की जरासं डोकं हलवतो. तो जिवंतच धरायचा. पोटातच अंडी फुटून पिल्लं झाल्याने मेलेले, प्लेटच्या कडेला चढून वाळलेले वेगळे नोंदव. तापमान २० अंशांवर ठेव. २५ ला सगळेच लवकर मरतात.

आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या घातक रूपांचा पेशींवरचा मारा) वाढला की आयुष्य घटणारच, असं धरून चालू नकोस. मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) एसओडी-२ हे या ताणापासून वाचवणारं एन्झाइम नसलेले कृमी उलट जास्त जगतात; हा ताण वाढवणाऱ्या पॅराक्वाटची अगदी कमी मात्राही आयुष्य वाढवते. औषध तपासताना मात्र मारलेल्या ई. कोलायवरही (कृमी खातात त्या जिवाणूंवर) एक संच लाव, नाहीतर परिणाम कृमीवर झाला की त्याच्या खाण्यावर, कळायचं नाही.