तणापासून घरच्या घरी पातळ खत कसं करायचं? वास येतो का?

तुम्ही विचारलंय की गच्चीतल्या कुंड्यांसाठी तण आणि झाडपाल्याचं पातळ खत घरी जमतं का आणि वास येतो का. जमतं. आणि वास येतो, चांगलाच येतो, हे आधीच सांगते. मी रत्नागिरीकडची, बरीच वर्षं परसात करतेय.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळीकडे माजतो तो टाकळा. कोवळा असताना भाजीला, मग जरा जून झाला की खताला, पण शेंगा धरायच्या आत कापायचा, नाहीतर बी थेट कुंडीत पोचतं आणि पुढच्या वर्षी तुम्हीच उपटत बसता. त्यात कुंपणाच्या गिरीपुष्पाचा पाला घालते, नत्र त्यात भरपूर असतं. केना, आघाडा, जे मिळेल ते चालतं. लव्हाळा तर मी मुद्दाम गाठींसकट बुडवते, कारण नुसता उपटून टाकला की परत फुटतो, पाण्याखाली महिनाभर राहिला की कुजतो, म्हणून त्याची बादली वेगळी.

२० लिटरची बादली घ्या, पाला बारीक चिरून पाऊण भरा, वर दगड ठेवा, बुडेल एवढं पाणी आणि मूठभर गूळ. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस होतो. जुन्या सुती साडीचा तुकडा दोरीने आवळून बांधा, अजिबात फट नको, कारण त्यात डास अंडी घालतात आणि खतापायी घरात डेंग्यू नकोय आपल्याला. रोज एकदा काठीने ढवळा, हवा गेली की वास जरा कमी होतो. दोनेक दिवसांत फेस येतो, पंधरा दिवसांत पाणी काळपट चहासारखं होतं आणि फेस बसतो, म्हणजे झालं. गाळून घ्या, चोथा कंपोस्टमध्ये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक मग खताला दहा मग पाणी, आणि पंधरा दिवसांतून एकदाच, ओल्या मातीत. पहिल्या वर्षी मी मिरचीला तसंच घट्ट ओतलं होतं, तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, दोन रोपं गेली, फार वाईट वाटलं. पालेभाजीच्या पानांवर तर हे कधीच शिंपडू नका, बुडाशीच घाला. आणि टोमॅटो-मिरची फुलावर आली की थांबवा, नत्र जास्त झालं की नुसता पालाच वाढतो.

गाजर गवत मी घेत नाही. फुलायच्या आधी कापून लोक वापरतात, पण त्याने अंगावर पुरळ उठतं, हातमोज्यांशिवाय धरूसुद्धा नका. रस्त्याकडेचं तणही नको, तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं आणि ते तुमच्याच रोपांना बाधेल.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि शेजारी कुरकुरणार असतील तर शेवग्याचा पाला वापरा. तो कुजवायचा नाही, ताजा कोवळा पाला थोड्या पाण्यात मिक्सरला फिरवून गाळायचा, त्या रसाच्या तीसपट पाणी घालून संध्याकाळी पानांवर फवारायचा. लगेच वापरायचा मात्र, सकाळपर्यंत ठेवला तर आंबतो.