आई सावद्याला उतरलीच नाही

"घरातलं माणूस कोणाला न सांगता एकटंच गाडीत बसून कुठेतरी गेलं आणि संध्याकाळी परत आलं. त्याच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी नवरा बायकोबद्दल विचारतो, कधी सून सासऱ्यांबद्दल. कॉलेजातला मुलगा असा गेला तर कोणी येत नाही. पन्नाशीपुढची बाई गेली, की दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंटसाठी फोन.

रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या शेतकरी घराची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा, सून आणि आई तिघं जळगावला माझ्याकडे आले. बोलणं सगळं मुलाचंच. आई पंचावन्नची. वडिलांना लकवा मारला होता. सहा वर्षं आईने त्यांचं अंथरुणावरचं सगळं केलं. ते जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात आई डोळे दाखवायला भुसावळला गेली ती बऱ्हाणपूरला पोचली. दिवसभर फोन उचलला नाही. रात्री आठ वाजता हजर. "आणि मॅडम, येताना मावा जलेबी घेऊन आली!" हे त्याने अशा सुरात सांगितलं, की डबा पुरावा म्हणून टेबलावर ठेवायचाच काय तो बाकी होता. माझ्याकडे येण्याआधी सुनेच्या माहेरून कोणीतरी सुचवलेला उतारा होऊन गेला होता. हे मला नवीन नाही, त्यावर मी वादही घालत नाही. उताऱ्याने दोन दिवस वाया गेले, एवढंच नोंदवून ठेवते.

आईशी, म्हणजे काकूंशी, मी एकटीने बोलले. घरच्यांसमोर या वयाची बाई 'काई नई झालं' यापलीकडे जात नाही.

"डोयाचा डॉक्टर आलाच नई," त्या म्हणाल्या. "घरी सांगितलेलं, संध्याकाळ होईल. स्टेशनावर आली. खिडकीतल्या पोरीनं इचारलं, कुठलं देऊ? माह्या तोंडातून बऱ्हाणपूर निघालं."

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरला तापीचा पूल ओलांडला की दुसखेडा, मग सावदा. सावदा त्यांचं उतरायचं स्टेशन. गाडी थांबली तेव्हा समोर फलाटावर गल्लीतली एक बाई उभी होती. काकूंनी पदर पुढे ओढला आणि बसून राहिल्या. गाडी हलली. "तव्हा मले घाम आला, मॅडम. चोरी केल्यावानी." निंभोऱ्यापुढे मात्र घाम गेला. एका बागेतल्या पानांवर करपा दिसला, तो कोणाचा मळा असेल याचा त्या रावेर येईस्तोवर विचार करत होत्या.

मी या बारकाव्यांवर फार रेंगाळते, आणि त्याला कारण आहे. दिवस कसा गेला हे माणूस क्रमाने सांगू शकतं का, हे मला त्यातून कळतं. काकूंनी रिक्षा कुठून केली, भाड्याची घासाघीस कशी झाली, नोट कुठे मोडली, परतीची गाडी कोणाला विचारून ठेवली, सगळं सरळ सांगितलं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला माणूस ओळखीच्या रस्त्यावर चुकतं आणि कुठे होतं हे नंतर सांगता येत नाही. इथे उलट होतं. अनोळखी गावात जाऊन बाई वेळेवर गाडीला हजर.

मग झोप. मूड विकाराने उसळलेलं माणूस दोन-तीन तास झोपूनही दिवसेंदिवस ताजंतवानं असतं, अखंड बोलतं, पैसा उधळतं, मोठमोठे बेत आखतं, अडवलं तर चिडतं. काकू रात्री दहाला झोपत होत्या, पाचला उठत होत्या. उधळपट्टी म्हणाल तर जलेबीची.

तिसरी गोष्ट सगळे टाळतात. मुलानेही टाळली होती. आईला बाहेर बसवून मी त्याला विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटली?" बराच वेळ तो घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "बऱ्हाणपूरच्या किल्ल्याच्या खालून तापी जाते, मॅडम."

म्हणून काकूंना मी सरळ विचारलं, की जीव द्यावा असं मनात आलं होतं का. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारलं की माणूस मोकळं होतं. त्या म्हणाल्या, "हे गेले तव्हा महिनाभर वाटे. आता नई." तेव्हाचं कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. वस्तू वाटून टाकणं, दागिने सुनेच्या हवाली करणं, निरोपाची भाषा, असलं काहीही अलीकडे नव्हतं, तेही तपासलं. असतं तर मी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तुमच्या घरी ही शंका असेल, तर टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आजच फोनमध्ये ठेवा. तिथे मराठीत बोलता येतं.

आता त्या गेल्या का, हे. त्यांना इतिहासाची गोडी. दहावीनंतर लग्न झालं, पण मुलाला शाळेत असताना त्याच धडे विचारायच्या. पुरंदरचा तह, 1665, शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग. तो मिर्झाराजा 1667 मध्ये दख्खनेतून परत जाताना बऱ्हाणपूरला मेला आणि त्याची छत्री, म्हणजे स्मारक, तिथे तापीकाठी आहे, हे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. घरापासून तासा-दीड तासावर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, आपल्या खानदेशाचंच जुनं मोठं शहर, आणि आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. बोलून दाखवलं नव्हतं असं नाही. पण दर वेळी त्याची सहल व्हायची: दोन गाड्या, नणंदांची पोरं, पहाटे तीनला उठून कळण्याच्या पुऱ्या करायच्या त्यांनीच. मग कोणाची तरी तब्येत, आणि बेत रद्द. पुऱ्या मात्र झालेल्या असायच्या.

शाही किल्ल्यात त्या हमामखान्यात, म्हणजे जुन्या स्नानगृहात, बराच वेळ उभ्या होत्या, छतावरचं रंगकाम मान वर करून बघत. तिथे एकाने मुमताजची कथा सांगितली. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर असताना 1631 च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती याच शहरात गेली. आधी तापीपलीकडे जैनाबादला पुरली, डिसेंबरात शव आग्र्याकडे नेलं. काकू मला म्हणाल्या, "चौदावं बाळंतपण, ते बी लढाईच्या दौऱ्यावर. तिले कोनी इचारलं व्हतं का, येती का म्हणून?" आणि हसल्या. पहिल्यांदाच. त्यानंतर सहा वर्षांच्या सेवेबद्दल जे बोलल्या ते इथे लिहिणार नाही. त्यात राग होता, बराच. लकवा झालेल्या नवऱ्यावर रागावता येत नाही, आणि तो गेल्यावर तर मुळीच नाही. घरात सगळे म्हणत होते, 'आता आराम करा.' आराम म्हणजे ओट्यावर बसून राहणं.

फोन का उचलला नाही? "उचलला असता तं तो न्यायला आला असता." खरंच आला असता. तो म्हणालाही, रावेरपर्यंत मोटारसायकल काढलीच होती.

माझं मत असं, की यात काकूंवर उपचार करण्यासारखं काही नव्हतं. पण न सांगता जाणं मी ठीक म्हटलं नाही. त्यांनाही ते पटवलं, कारण उद्या गाडी रद्द झाली, पाय मुरगळला, तर कोणाला तरी ठाव असावा. तिघांना बसवून ठरलं ते थोडक्यात असं. निघताना काकू सांगतील: कुठे, कोणत्या गाडीने, परत कधी. त्याला 'कशाला' आणि 'कोणासोबत' हे उलट प्रश्न नाहीत. फोन चालू राहील. दुपारी दोनला एक फोन, तोही मुलाने करायचा. गाडीत काही अडचण आली तर रेल्वेचा 139 क्रमांक त्यांनी स्वतः लावून पाहिला. सुनेने विचारलं, त्या दिवशी स्वयंपाक? काकू म्हणाल्या, "तू कर नं." पुढे त्यावर चर्चा झाली नाही.

बैठक मोडता मोडता मुलाने आईला आठवडाभरात पहिल्यांदा सफरीबद्दल साधा प्रश्न विचारला. "छत्री पाहिली का?" पाहिली होती. पुढची वीस मिनिटं माझं कोणालाच काम नव्हतं. कुंडी भंडारा राहून गेला होता. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणणारी मोगल काळातली योजना, वर कुंड्यांची रांगच रांग. तो पुढच्या खेपेला, असं काकूंनी तिथेच जाहीर केलं.

त्यांना मी पुन्हा बोलावलं नाही. मुलगा येतो. वडिलांना झटका आला त्या दिवशी तो पुण्यात कंपनीत होता, फोन सायलेंटवर. घरून आलेले सगळे कॉल त्याने संध्याकाळी पाहिले. तेव्हापासून न उचललेला फोन म्हणजे घरात काहीतरी घडलंय, हे त्याच्या अंगात बसलंय. आई गेली त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, हे सुनेने सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं. तर आता त्याचा सराव चालू आहे. आई बाहेर असेल त्या दिवशी फोनकडे हात गेला की आधी मनात काय आलं ते कागदावर लिहायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि दोनच्या आधी लावायचा नाही. कुंडी भंडाऱ्याच्या दिवशी त्याने एकदा दोनला लावला आणि एकदा सव्वादोनला. दुसरा काकूंनी उचलला नाही. जेवत होत्या.